होलोग्रामच्या पट्ट्यांपासून नॅनोमीटरपर्यंत: डिजिटल होलोग्राफिक मायक्रोस्कोपीत प्रतिमा कशी उभी करायची

कॅमेऱ्यातून पहिला होलोग्राम, म्हणजे दोन प्रकाशलहरींच्या भेटीतून उमटलेलं चित्र, स्क्रीनवर येतो तेव्हा बारीक तिरक्या पट्ट्यांशिवाय त्यात फारसं काही दिसत नाही. झूम करून पाहिलं की एखाद्या ठिकाणी पट्टे जरासे सरकलेले, वाकलेले दिसतात. पेशी तिथे आहे. पट्टे किती सरकले यावरून पेशीतून जाताना प्रकाश किती मागे पडला ते कळतं आणि त्यावरून तिची जाडी नॅनोमीटरमध्ये काढता येते. रंग लावावा लागत नाही, पेशी मारावी लागत नाही.

पट्ट्यांपासून जाडीपर्यंतचा हा प्रवास संगणकावर कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. एमएस्सीचा प्रकल्प हाती घेतलेल्या किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षात असलेल्या, एफएफटी म्हणजे काय हे ढोबळ माहीत असलेल्या आणि पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये थोडंफार लिहिता येणाऱ्या वाचकासाठी हे आहे. सिद्धता पाठ्यपुस्तकात मिळतील. माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीचा आहे. या कामात गणित चुकलं तरी चित्र देखणं येतं. पेशी पेशीसारखीच दिसते, फक्त तिची जाडी दीडपट झालेली असते किंवा खळग्याच्या जागी उंचवटा आलेला असतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर ताळा करून पाहायचा, आणि तो कसा करायचा हेही प्रत्येक पायरीसोबत देतो.

आधी यंत्राचे आकडे कागदावर मांडा

एक ठरावीक मांडणी धरून चालू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. हेलियम-निऑन लेसर, तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर. २० पट मोठं दाखवणारं ऑब्जेक्टिव्ह, न्यूमेरिकल अॅपर्चर (ते किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करतं त्याचं माप) ०.४. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.४५ मायक्रॉन, आणि होलोग्राममधून १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा चौकोन आपण वापरतोय. लेसरची शलाका दोन भागांत विभागली आहे: एक भाग नमुन्यातून आणि ऑब्जेक्टिव्हमधून जातो, दुसरा बाहेरून मोकळा येतो. कॅमेऱ्यावर दोघे थोड्या कोनात भेटतात आणि त्यांच्या व्यतिकरणातून पट्टे तयार होतात.

नमुन्यावर एका पिक्सेलचा आकार ३.४५ भागिले २०, म्हणजे ०.१७२५ मायक्रॉन. पूर्ण चौकोनाची रुंदी सुमारे १७७ मायक्रॉन. ऑब्जेक्टिव्हमधून जाणारा सर्वांत बारीक आवर्त (पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीतलं अंतर) म्हणजे तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अॅपर्चर, १.५८ मायक्रॉन. फूरिए प्रतलात, म्हणजे एफएफटीतून मिळणाऱ्या वारंवारतांच्या चित्रात, नमुन्याची सगळी माहिती एका वर्तुळात मावते आणि त्या वर्तुळाची त्रिज्या चौकोनाची रुंदी भागिले हा आवर्त, म्हणजे सुमारे ११२ पिक्सेल. हा ११२ चा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. पुढे फिल्टरची त्रिज्या ठरवताना अंदाजाने वर्तुळ काढायची वेळ येणार नाही.

फाइलबद्दल एकच सांगतो, पण ते टाळू नका. होलोग्राम टिफमध्ये साठवा, जेपेगमध्ये कधीच नाही. जेपेग बारीक पट्ट्यांनाच अनावश्यक तपशील समजून पुसट करतं. कॅमेऱ्याचा ऑटो-गेन आणि गॅमा बंद ठेवा, आणि एकही पिक्सेल कमाल मर्यादेला टेकणार नाही एवढंच एक्सपोजर द्या. पट्ट्यांचे माथे कापले गेले तर फूरिए प्रतलात जादा ठिपके उगवतात आणि ते नेमके नको तिथे येऊन बसतात.

खऱ्या होलोग्रामआधी एक खोटा होलोग्राम

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला ती सर्वांत मोलाची वाटते, कारण इथे उत्तर आधीपासून ठाऊक असतं.

५ मायक्रॉन व्यासाचा पॉलिस्टायरिनचा मणी घ्या. या तरंगलांबीला त्याचा अपवर्तनांक सुमारे १.५८७ आहे. तो १.५१५ अपवर्तनांकाच्या इमर्शन ऑइलमध्ये बुडवलाय असं समजा. फरक ०.०७२. मण्याच्या मध्यातून जाणारी लहर ०.३६ मायक्रॉनने मागे पडते, म्हणजे फेज (मागे पडण्याचं कोनातलं माप) सुमारे ३.६ रेडियन. मध्यापासून दूर जाल तसतशी गोलाची जाडी कमी होते, ती शाळेतल्या भूमितीने काढता येते. अशा फेजचं १०२४ बाय १०२४ चं कोष्टक बनवा. त्यापासून कॉम्प्लेक्स लहर तयार करा, तिचा एफएफटी घेऊन ११२ त्रिज्येच्या वर्तुळाबाहेरचं सगळं शून्य करा आणि परत या. झालं तुमचं आभासी ऑब्जेक्टिव्ह.

आता संदर्भलहर, म्हणजे नमुन्याबाहेरून मोकळी येणारी लहर. तिची फेज अशी ठेवा की पूर्ण चौकोनात आडव्या दिशेला २६५ आणि उभ्या दिशेला २६५ आवर्तनं होतील. दोन लहरींची बेरीज करा, तिच्या मापाचा वर्ग घ्या, तो ० ते ४०९५ च्या पट्टीत बसवा, थोडा फोटॉनचा गोंगाट मिसळा आणि पूर्णांक करा. बारा बिटच्या कॅमेऱ्यातून आल्यासारखा होलोग्राम हातात येतो.

२६५ च का? होलोग्रामच्या फूरिए प्रतलात तीन गोष्टी असतात. मधोमध एक मोठा ढग, त्याची त्रिज्या नमुन्याच्या वर्तुळाच्या दुप्पट, म्हणजे २२४. त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन वर्तुळं, प्रत्येकी ११२ त्रिज्येची: एक खरी प्रतिमा, दुसरी तिची जुळी. तिघे एकमेकांवर चढू नयेत यासाठी वर्तुळाचं केंद्र मध्यापासून निदान ३३६ पिक्सेल दूर हवं आणि वर्तुळ ५१२ च्या कुंपणाबाहेरही जाता कामा नये. कर्णाच्या दिशेला सर्वांत जास्त मोकळी जागा असते. तिथे २६५ आणि २६५ घेतलं की अंतर सुमारे ३७५ होतं, दोन्ही अटी आरामात पाळल्या जातात. खऱ्या मांडणीत याचा अर्थ दोन शलाकांमधला कोन सुमारे ३.८५ अंश. प्रयोगशाळेत आरसा किती वळवायचा हे तुम्हाला टेबलाजवळ जाण्याआधीच कळलं.

हा कोन ठेवण्याची कल्पना जुनी आहे. डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये होलोग्राफी मांडली ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप सुधारण्यासाठी. त्यांच्या रचनेत दोन्ही लहरी एकाच रेषेत येत, त्यामुळे जुळी प्रतिमा खऱ्या प्रतिमेवरच येऊन बसे. १९६२ मध्ये मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपाटनीक्स यांनी संदर्भलहर तिरकी केली आणि दोन्ही प्रतिमा वेगळ्या झाल्या. १९६७ मध्ये गुडमन आणि लॉरेन्स यांनी प्रतिमा उभी करायचं काम संगणकाकडे सोपवलं. १९९४ मध्ये श्नार्स आणि युप्टनर यांनी सीसीडी कॅमेऱ्यावर थेट होलोग्राम घेतला, आणि १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने मायक्रोस्कोपखाली फेज मोजून दाखवली. आपण जे करणार आहोत ते जवळपास तेच आहे.

वर्तुळ कापून मध्यावर आणणं

होलोग्राममधून त्याची सरासरी वजा करा, एफएफटी घ्या, शून्य वारंवारता मधोमध सरकवा आणि मापाचा लॉगॅरिदम चित्र म्हणून बघा. लॉगॅरिदम घेतला नाही तर दोनचार पांढऱ्या ठिपक्यांशिवाय काही दिसणार नाही. आपल्या खोट्या होलोग्राममध्ये मध्य ५१२ वर आहे, तेव्हा दोन वर्तुळांची केंद्रं २४७, २४७ वर आणि ७७७, ७७७ वर यायला हवीत. ती तिथे नसतील तर पुढे जाऊ नका. चूक आधीच्याच ओळींत आहे.

यातलं खरं कोणतं? संदर्भलहर आपण धन दिशेला झुकवली होती, म्हणून नमुन्याची खरी लहर ऋण बाजूला, २४७ वर येते. ७७७ वरची जुळी आहे. ती निवडली तरी चित्र तितकंच सुबक येईल, पण फेजचं चिन्ह उलटं होईल आणि मणी खड्ड्यासारखा दिसेल. खऱ्या यंत्रावर झुकाव कुठल्या बाजूला आहे हे आठवत बसण्यापेक्षा भोवतालच्या द्रवापेक्षा जास्त अपवर्तनांक असलेला एखादा मणी बघावा. तो उंचवटा म्हणून दिसला पाहिजे. आरसा हलवला की हा ताळा पुन्हा करायचा.

निवडलेल्या केंद्राभोवती ११२ त्रिज्येचं वर्तुळ ठेवा, बाकी सगळं शून्य. वर्तुळाची कड एकदम तुटक ठेवली तर प्रतिमेत वस्तूंभोवती लाटा उमटतात, म्हणून कडेचे दहाएक पिक्सेल हळूहळू उतरते ठेवा. त्रिज्या फार लहान केली तर प्रतिमा गुळगुळीत आणि स्वच्छ दिसते. याच स्वच्छतेला नवखे भुलतात, कारण गोंगाटाबरोबर पेशीच्या कडाही गेलेल्या असतात. फार मोठी केली तर मधल्या ढगाचा भाग आत शिरतो आणि प्रतिमेवर सगळीकडे बारीक जाळी दिसू लागते.

आता कापलेलं वर्तुळ मध्यावर सरकवा आणि उलटा एफएफटी घ्या. हाती येणारं कोष्टक कॉम्प्लेक्स आहे: त्याचं माप म्हणजे अँप्लिट्यूड, त्याचा कोन म्हणजे फेज. शेवटच्या पायरीपर्यंत हे कोष्टक कॉम्प्लेक्सच ठेवा. फेजचं चित्र वेगळं काढून त्यावर गाळणी लावणं किंवा फोकस बदलणं म्हणजे अर्धी माहिती टाकून देणं.

खऱ्या होलोग्राममध्ये शिखर नेमक्या पूर्णांकावर पडत नाही. ते २६५.४ वर असलं आणि तुम्ही २६५ ने सरकवलं, तर उरलेल्या ०.४ आवर्तनाचा उतार चित्रभर राहतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच रेडियन. घाबरायचं कारण नाही, तो पुढच्या पायरीत निघतो.

इथे वर्तुळाच्या रूपाकडेही लक्ष द्या. ऑब्जेक्टिव्ह आणि ट्यूब लेन्स (त्याच्यानंतरची, कॅमेऱ्यावर प्रतिमा पाडणारी लेन्स) योग्य अंतरावर असतील तर वर्तुळाच्या मधोमध एक टोकदार ठिपका दिसतो. त्याऐवजी पसरलेला, चौकोनी फुगलेला ठिपका दिसला तर नमुन्याच्या लहरीला वक्रता आहे. गणिताने ती काढता येते, पण लेन्स जागेवर आणणं जास्त चांगलं, कारण फुगलेला ठिपका फूरिए प्रतलातली मोलाची जागा खातो.

पार्श्वभूमी सपाट करणं

मोजमापाचा दर्जा ठरतो तो इथे. फेजच्या चित्रात या क्षणी पेशीसोबत उरलेला उतार, लेन्सची वक्रता, काचेचा वाकडेपणा आणि वाटेतली धूळ असं सगळं मिसळलेलं आहे.

माझ्या मते पहिला उपाय कोऱ्या होलोग्रामचा. नमुन्याचा होलोग्राम घेतल्याबरोबर स्लाइड बाजूला सरकवा, जिथे फक्त द्रव आहे आणि पेशी नाही अशा जागी आणा, आणि फोकसला हात न लावता दुसरा होलोग्राम घ्या. दोन्हींवर तंतोतंत तेच फिल्टर आणि तेवढंच सरकवणं वापरा. मग नमुन्याच्या कॉम्प्लेक्स कोष्टकाला कोऱ्याच्या कॉन्ज्युगेटने (फेजचं चिन्ह उलटवलेल्या कोष्टकाने) गुणा. फेजमधलं दोघांत जे समान आहे ते वजा होतं, पेशी उरते. पहिल्यांदा हे करून पाहताना, वाकड्यातिकड्या चित्रातून अचानक सपाट मैदान आणि त्यावर उभ्या पेशी दिसतात, तेव्हा ही पद्धत मनात पक्की बसते.

दुसरा उपाय म्हणजे पेशी झाकून उरलेल्या भागावर एक पृष्ठभाग बसवायचा आणि तो वजा करायचा. साधं प्रतल, त्यात वर्गाच्या संज्ञा, एवढं सहसा पुरतं. धोका मात्र ओळखून असा. चित्रात पेशीच पेशी असतील, मोकळी जागाच नसेल, तर बसवलेला पृष्ठभाग पेशींचा आकारही गिळतो. फार वरच्या घाताच्या संज्ञा घेतल्या तरी तेच होतं: पार्श्वभूमी सुरेख सपाट आणि पेशी बुटक्या. दाट वाढलेल्या पेशींसाठी कोरा होलोग्रामच घ्यावा.

मी दोन्ही एकापाठोपाठ वापरायला सांगेन. आधी कोरा होलोग्राम, मग दोन होलोग्राममधल्या वेळात टेबल किंवा आरसे किंचित सरकल्याने उरलेला बारीक उतार प्रतल बसवून काढायचा.

फोकस नंतर बदलणं

होलोग्राफीची सर्वांत मोहक सोय ही. पेशी फोकसमध्ये नव्हती? हरकत नाही, लहर गणिताने पुढेमागे नेता येते. कॉम्प्लेक्स कोष्टकाचा एफएफटी घ्या, प्रत्येक वारंवारतेला तिच्या दिशेनुसार ठरावीक फेजने गुणा, परत या. याला अँग्युलर स्पेक्ट्रम पद्धत म्हणतात. तो फेज काढायचा असा: १ भागिले तरंगलांबीचा वर्ग, त्यातून दोन्ही वारंवारतांचे वर्ग वजा, त्याचं वर्गमूळ, गुणिले अंतर, गुणिले २ पाय (π).

इथली नेहमीची गफलत एककांची. हिशोब नमुन्याच्या बाजूने केला तर पिक्सेल ०.१७२५ मायक्रॉन, अंतरही नमुन्यातलं, आणि तरंगलांबी द्रवाच्या अपवर्तनांकाने भागलेली. कॅमेऱ्याच्या बाजूने केला तर पिक्सेल ३.४५ मायक्रॉन आणि तरंगलांबी हवेतली, पण अंतर मोठं होतं: हवेतल्या नमुन्याचे १० मायक्रॉन कॅमेऱ्याजवळ ४ मिलिमीटर होतात, कारण खोली २० च्या वर्गाने म्हणजे ४०० पटीने वाढते. दोन्ही बाजू बरोबर आहेत. एकीचा पिक्सेल आणि दुसरीचं अंतर घेतलं की मात्र फोकस कधीच सापडत नाही.

जुन्या लेखांत एकाच एफएफटीची फ्रेनेल पद्धत भेटेल. तिच्यात अंतर बदललं की चित्राच्या पिक्सेलचा आकारही बदलतो, म्हणून मायक्रोस्कोपीत ती गैरसोयीची ठरते. अँग्युलर स्पेक्ट्रमलाही मर्यादा आहे. पिक्सेलची संख्या गुणिले पिक्सेलचा वर्ग भागिले तरंगलांबी, आपल्या मांडणीत कॅमेऱ्याच्या बाजूने सुमारे १९ मिलिमीटर, म्हणजे हवेतल्या नमुन्यात ४८ मायक्रॉन. त्यापलीकडे जायचं असेल तर कोष्टकाभोवती शून्यांची किनार लावून ते मोठं करा.

योग्य अंतर शोधायला आधी १ मायक्रॉनच्या टप्प्याने ढोबळ चाळणी करा, मग बारीक. नेहमीच्या छायाचित्रणात कॉन्ट्रास्ट सर्वांत जास्त तिथे फोकस. पारदर्शक पेशीच्या अँप्लिट्यूडसाठी नेमकं उलट: फोकसमध्ये आल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते, म्हणून कॉन्ट्रास्ट सर्वांत कमी तिथे फोकस. हे माहीत नसलेला प्रोग्रॅम प्रत्येक वेळी चुकीच्या जागी जाऊन थांबतो.

पार्श्वभूमी मात्र फोकस बदलण्याआधी काढलेली असावी. वक्रता शिल्लक ठेवून लहर पुढे नेली तर ती मिटते किंवा पसरते आणि चित्राचं मोठेपणच बदलतं. आणि फोकस बदलता आला म्हणून पेशीचे काप मिळाले असं समजू नका. एका होलोग्राममधली फेज ही त्या रेषेवरच्या सगळ्या थरांची बेरीज असते.

फेज उलगडणं आणि जाडी काढणं

कॉम्प्लेक्स संख्येचा कोन उणे पाय ते अधिक पाय एवढ्यातच मिळतो. काट्यांचं घड्याळ पाच वाजले म्हणून सांगतं, वार सांगत नाही, तसंच हे. आपल्या मण्याचा मध्य ३.६ रेडियनचा आहे, म्हणजे पायच्या जरा वर. म्हणून त्याच्या माथ्यावर एक काळा गोल भोकासारखा दिसेल. तो दिसला तर गणित बरोबर चाललंय. पायथनच्या सायकिट-इमेज लायब्ररीतलं फेज उलगडण्याचं तयार फंक्शन हे भोक बुजवतं आणि मणी पूर्ण होतो.

हाच मणी तेलाऐवजी पाण्यात ठेवून बघा. अपवर्तनांकातला फरक ०.२५५ होतो आणि मध्यावर लहर जवळपास दोन पूर्ण तरंगलांब्यांनी मागे पडते. गुंडाळलेल्या चित्रात मण्याचा मध्य पार्श्वभूमीच्याच रंगाचा दिसतो, आणि कडेला फेज इतकी झपाट्याने चढते की उलगडणारं फंक्शन तिथे एखादी उडी गाळू शकतं. मग पूर्ण मणी ६.२८ रेडियनने बुटका होतो. उलगडल्यावर पेशीच्या आतबाहेर नेमका २ पायचा तुटलेला कडा दिसला तर संशय घ्या. पेशींच्या कामात सुदैवाने हे क्वचित येतं. तांबड्या रक्तपेशीचा अपवर्तनांक भोवतालच्या द्रवापेक्षा ढोबळमानाने ०.०६ ने जास्त धरला आणि जाडी २ मायक्रॉन धरली, तर फेज १.२ रेडियनच्या आसपास येते. तिथे उलगडायला काही नसतंच.

शेवटचं सूत्र सोपं आहे: जाडी = फेज × तरंगलांबी ÷ (२ × पाय × अपवर्तनांकातला फरक). प्रकाश आरपार जात असेल तर हे. परावर्तित प्रकाशात पृष्ठभागाची उंची मोजत असाल तर हवेत उंची = फेज × तरंगलांबी ÷ (४ × पाय), कारण प्रकाश जातो आणि परत येतो. आपल्या खोट्या होलोग्रामवर मण्याच्या माथ्याला ५ मायक्रॉनच्या जवळचा आकडा यायला हवा. कडा थोड्या गोलावलेल्या दिसतील, ते ११२ च्या वर्तुळामुळे. तो आकडा आला की मगच खऱ्या होलोग्रामकडे वळा, आणि तिथेही पहिला नमुना ज्ञात व्यासाच्या मण्यांचाच घ्या.

पेशीच्या बाबतीत अपवर्तनांकातला फरक तुम्ही गृहीत धरलेला असतो. म्हणून अहवालात जाडीआधी मोजलेली फेज द्या आणि गृहीत धरलेला आकडा जाडीशेजारीच लिहा.

आता गोंगाट. पाठोपाठ दोन कोरे होलोग्राम घ्या, त्यांच्यावर सगळ्या पायऱ्या तशाच करा आणि उरलेल्या फेजचं प्रमाण विचलन चित्राच्या मधल्या भागात काढा. समजा ते ०.०५ रेडियन आलं. म्हणजे प्रकाशमार्गात ५ नॅनोमीटर. ०.०६ चा फरक असलेल्या रक्तपेशीत तेवढ्याच गोंगाटाची किंमत जाडीत ८४ नॅनोमीटर होते. पेशीच्या पृष्ठभागावर २० नॅनोमीटरची सुरकुती एकाच होलोग्राममध्ये दिसत असेल, तर आधी अनेक होलोग्रामची सरासरी घ्या आणि ती टिकते का ते बघा.

नंतरसाठी मूळ टिफ, कोरा होलोग्राम, फिल्टरचं केंद्र आणि त्रिज्या, फोकसचं अंतर आणि वजा केलेल्या पृष्ठभागाचे गुणांक एकाच फोल्डरमध्ये ठेवा. रंगीत फेजचित्र त्यातून केव्हाही पुन्हा काढता येतं, उलट दिशेने मात्र जाता येत नाही.